बत्तीस पायांची चिप

त्याला सगळे सावकाश म्हणत. खरं नाव होतं, नाही असं नाही, पण ते वापरायची वेळ कुणावर आली नव्हती. बाजाराच्या मागच्या गल्लीत, चावीवाला आणि फोटोवाला यांच्या मधल्या चिंचोळ्या गाळ्यात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं आत पाऊल टाकलं की हा हात वर करून म्हणायचा, "सावकाश, सावकाश." जणू माणूस नाही, हत्तीच आत शिरतोय. स्क्रू काढताना सावकाश, वायर ओढताना सावकाश. लोक वैतागायचे, त्याच्या नावानं बोटं मोडायचे आणि पुढच्या वेळी मशीन पुन्हा त्याच्याकडेच आणायचे. पंचवीस वर्षांत त्याच्या हातून एकही मशीन वाया गेलं नव्हतं, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं.

दुरुस्त केलेल्या प्रत्येक बोर्डावर तो एक पांढरी चिठ्ठी डकवायचा. कोपऱ्यात, वायरींच्या आड येणार नाही अशी. त्यावर तारीख आणि सही. पुढे कधी तेच मशीन परत आलं तर आपण त्याला केव्हा हात लावला होता ते कळावं म्हणून. फोटोवाला त्याची टिंगल करायचा, "अरे, मेलेल्या माणसाच्याही पायाला चिठ्ठी बांधतात." सावकाश हसायचा आणि डकवायचा.

अशा माणसाच्या हातून नेमकं ते मशीन मरावं, जे त्यानं जिवापाड जपायला हवं होतं! काय म्हणावं याला? मंगळवारी दुपारी सव्वातीनला ते मेलं, आणि ते मशीन म्हणजे त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाची जीभ होती.

दादा कापड कापणारा. शहरातल्या मोठ्या टेलरिंगच्या दुकानात कटर होता, आणि कटर कसला, राजा होता. मालकसुद्धा त्याच्याशी दबून बोलायचा. तोंडानं फटकळ, गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचा, "साहेब, कोट नाही आखूड झाला, तुम्ही वाढलात." चार वर्षांपूर्वी त्याच्या हातातून कात्री निसटायला लागली. मग हात गेले, पाय गेले, मान गेली आणि शेवटी जीभ गेली. नसांचा आजार, औषध नाही. पापण्यासुद्धा आता आपल्या मर्जीनं मिटत, दादाच्या नव्हे. त्यामुळे "हो असेल तर डोळे मिटा" हा खेळही संपला होता. डोळे फिरत, पण त्यांचा अर्थ ज्याचा त्यानं लावायचा. खात्रीचा उरला होता उजव्या पायाचा अंगठा. तोही हलला तर तांदळाच्या दाण्याइतका, डोळ्यांना दिसणारही नाही एवढा.

पण पट्टीला कळायचा. हॉस्पिटलातल्या एका इंजिनिअर मुलीनं तीन वर्षांपूर्वी दादासाठी ती पट्टी आणि तिच्या जोडीचा प्रोग्रॅम बनवून दिला होता. अंगठ्याखाली पातळ पट्टी, तिची वायर कॉम्प्युटरच्या मागच्या, पूर्वी प्रिंटर लावायचे त्या रुंद सॉकेटमध्ये. पडद्यावर अक्षरांच्या ओळी एकेक करून उजळायच्या. हवी ती ओळ आली की दादानं अंगठा दाबायचा, मग त्या ओळीतली अक्षरं उजळायची, पुन्हा दाबायचा. एका अक्षराला अर्धा मिनिट. त्यातही दादा चहात साखर कमी पडल्याची तक्रार करायचा आणि टीव्हीवरच्या पुढाऱ्याच्या सदऱ्याची खांद्यावरची शिवण चुकलीय असं लिहायचा. ती मुलगी पुढे परदेशी गेली, तिचा फोन लागेनासा झाला. नव्या कॉम्प्युटरना तसलं सॉकेट नसतं. म्हणून सावकाशनं अकरा वर्षांपूर्वी दादाच्या मुलीसाठी जोडून दिलेला तो जुना डबा, मुलगी लग्न होऊन गेल्यावरही, घरात टिकून होता. त्याच्यावाचून दादा मुका.

मागच्या आठवड्यात डॉक्टरबाई घरी आल्या होत्या. दादाची फुफ्फुसं थकत चालली होती. त्या दादाच्या समोर खुर्ची घेऊन बसल्या आणि त्याच्याकडे बघूनच बोलल्या, हे सावकाशला फार आवडलं. म्हणाल्या, "पुढे श्वास मशीननं घ्यायचा असेल तर गळ्यात नळी घालावी लागेल. ती घालायची की नाही, हे तुम्ही ठरवायचं. घाई नाही. पुढच्या गुरुवारी अकरा वाजता मी येते, तेव्हा लिहून सांगा."

वहिनी म्हणाल्या, "मी अक्षरं म्हणून दाखवली आणि त्यांनी कशीतरी खूण केली तर?"

"ते मला धरता येत नाही हो. घरचं माणूस आपल्याला हवं तेच वाचतं. त्यात तुमचा दोष नाही."

दाराशी उभ्या सावकाशच्या काळजात तेव्हापासून कळ होती. दादानं हो म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. बाप गेल्यावर याच भावानं त्याला वाढवलं होतं, पहिला स्क्रूड्रायव्हरचा संच त्यानंच आणून दिला होता. दादा नसलेलं जग कसं असतं हे सावकाशला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं.

आता मंगळवारचं ऐका. त्या डब्यातली डिस्क महिनाभर कुरकुरत होती. सोमवारी ती दोनदा अडकली आणि दादाचं अर्धं वाक्य गिळून बसली. गुरुवारी, ऐन उत्तराच्या वेळी ही मेली तर? डिस्क बदलायलाच हवी. पण बाजारात मिळाली ती मोठी, आणि जुना बोर्ड एवढी मोठी डिस्क ओळखेना. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीनं मात्र त्यासाठी सुधारलेला बायोस काढून ठेवला होता. बायोस म्हणजे बोर्डावरच्या एका चौकोनी चिपमध्ये लिहून ठेवलेली शिकवण. बटण दाबल्यावर मशीन पहिल्यांदा तीच वाचतं, आपण कोण, आपल्याला काय काय जोडलंय ते त्यातून त्याला कळतं. ती पुसून नवी लिहायला दीड-दोन मिनिटं लागतात. त्या दोन मिनिटांत वीज गेली, नाहीतर चुकीचं काही लिहिलं गेलं, तर मशीनला स्वतःचीच ओळख उरत नाही. मग पंखा फिरतो, दिवा लागतो आणि पडदा काळा तो काळाच.

सावकाशनं काळजी किती घ्यावी? फोटोवाल्याचा बॅटरीचा डबा उसना आणला, वीज गेली तरी मशीन चालावं म्हणून. तो आधी अर्धा तास बल्ब लावून तपासला. जुन्या सेटिंगची पानं न् पानं वहीत उतरवून घेतली. कंपनीच्या साइटवरून फाइल उतरवली, तिचा आकार जुळवून पाहिला. चार फ्लॉपी तपासून त्यातली एक निवडली. सगळ्यात आधी चिपमधली जुनी शिकवण दुसऱ्या फ्लॉपीवर जशीच्या तशी काढून ठेवली, हे तर शंभरातले नव्वद जण करत नाहीत. वहिनींना मीटरच्या पेटीपाशी उभं केलं, "कुणी बटणाला हात लावला तर सरळ हात धरा." वहिनी बिचाऱ्या पहारेकऱ्यासारख्या उभ्या राहिल्या.

दादाला तो म्हणाला, "दहा मिनिटं गप्प बसावं लागेल हं, राजे." दादाचे डोळे त्याच्यावर होते. सावकाशनं पट्टीची वायर काढली आणि काम सुरू केलं.

पडद्यावर पांढरी रेघ सरकत शेवटापर्यंत गेली. काम पूर्ण झालं, मशीन पुन्हा सुरू करा, असं मशीननंच सांगितलं. त्यानं सुरू केलं. पंखा फिरला. दिवा लागला. पडदा काळा.

त्यानं पुन्हा सुरू केलं. काळा. बोर्डावरची छोटी बॅटरी काढून पाच मिनिटांनी घातली. काळा. मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबरानं घासल्या, परत बसवल्या. काळा. मीटरच्या पेटीजवळून वहिनी विचारत होत्या, "झालं का हो भावोजी? सोडू का मी जागा?" आणि याच्या तोंडातून "अं" एवढंच निघालं.

मग त्यानं बोर्डाच्या कोपऱ्यातल्या स्वतःच्याच चिठ्ठीकडे पाहिलं. अकरा वर्षांपूर्वीची तारीख, त्याची तरुणपणीची ऐटबाज सही. काय वाटलं कोण जाणे, त्यानं नखानं ती खरवडली. खाली बोर्डावर बारीक पांढऱ्या छापात आवृत्ती लिहिली होती. एक.

फाइल त्यानं आवृत्ती दोनची घातली होती. एकाच नावाचे दोन बोर्ड, आतून वेगळे, दोघांच्या फायली वेगळ्या, पण नाव आणि आकार तेच, त्यामुळे मशीननंही हटकलं नाही. त्या वर्षी दुकानात आलेले सगळे बोर्ड आवृत्ती दोनचे होते असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. बघायला जावं तर आकडा दिसतच नव्हता, त्याच्यावर याचीच चिठ्ठी. विजेसाठी पहारा ठेवला, आणि घात केला तो बोटभर कागदानं! सावकाशनं कपाळावर हात मारून घेतला. अक्षरशः मारून घेतला, चट्ट आवाज झाला, वहिनी धावत आल्या.

"डिस्कची गडबड आहे," तो म्हणाला. खोटं बोलला. पंचवीस वर्षांत गिऱ्हाइकाशी खोटं बोलला नव्हता, तो घरात बोलला. "दुकानात नेतो. होईल."

दादाकडे न बघता त्यानं डबा उचलला.

दुकानात जाऊन नवी डिस्क टेबलावर ठेवली, तेव्हा तिच्या लेबलावरचा एक बारीक तक्ता त्याला दिसला. डिस्कच्या मागे एक चिमुकलं टोपण असतं, ते अमुक दोन टाचण्यांवर सरकवलं की मोठी डिस्क स्वतःला लहान म्हणून सांगते. जुन्या बोर्डांसाठी केलेली सोय. म्हणजे बायोसला हात लावायची गरजच नव्हती. हाताशी, डोळ्यांसमोर, लेबलावर छापलेलं होतं! सावकाश स्टुलावर बसला तो बराच वेळ उठला नाही. चावीवाल्यानं डोकावून विचारलं, "काय रे, कुणी गेलं का?"

बुधवारी सकाळपासून तो वेड्यासारखा फिरला. चिप बाहेर काढून तिच्यात लिहायचं यंत्र असतं, ते कुणाकडे आहे म्हणून सहा दुकानं पालथी घातली. एकानं विचारलं, "काका, कुठल्या जमान्यातलं मशीन आहे हे?" दुसरा म्हणाला, "फेका आणि नवीन घ्या." टीव्ही दुरुस्तीवाल्या म्हाताऱ्याकडे यंत्र होतं, पण ते तीन वर्षांपूर्वीच जळालेलं. त्या म्हाताऱ्यानंच एक वाट सांगितली, आणि सांगताना स्वतःच मान हलवली.

वाट अशी. सावकाशच्या दुकानातला त्याचा स्वतःचा कॉम्प्युटर तसाच जुना. बोर्ड वेगळा, पण चिप त्याच घडणीची, बोटाच्या पेराएवढी, चारी बाजूंना मिळून बत्तीस पायांची, खाचेत बसवलेली. तो कॉम्प्युटर त्याच्या चांगल्या चिपवर सुरू करायचा. सुरू झाला की सगळी शिकवण त्याच्या मेमरीत आलेली असते, चिपची गरज उरत नाही. मग चालू मशीनमधून ती चांगली चिप उपटायची, तिच्या जागी दादाची मेलेली चिप दाबायची आणि फ्लॉपीवरची जुनी शिकवण तिच्यात लिहायची. चालू मशीनमधून! आयुष्यभर जो माणूस प्लग काढल्याशिवाय आतली धूळ पुसत नव्हता, त्यानं. चिमटा घसरून दोन पाय एकमेकांना टेकले तर ती चिप जाणार, बोर्ड जाणार, दादाची चिप तर जाणारच, आणि मग वाटच संपली.

तीन वाजता त्यानं चिमटा हातात घेतला, तर हाताला कंप. ठेवून दिला. तेवढ्यात दारात वहिनी.

वहिनी दुकानात कधी येत नसत. दादाला सोडून त्या घराबाहेरच पडत नसत. "शेजारच्या काकूंना बसवून आलेय," त्या म्हणाल्या आणि गिऱ्हाइकाच्या बाकावर बसल्या. टेबलावरचा उघडा बोर्ड बघून विचारलं, "डिस्क नाही ना बिघडली?"

"नाही," सावकाश म्हणाला. "माझ्या हातून झालं, वहिनी. चुकीची फाइल घातली मी." आणि मग त्यानं चिठ्ठीपासून टोपणापर्यंत सगळं भडाभडा सांगून टाकलं. वाटलं, आता या बोलतील, बोलायलाच हव्यात, चार शिव्या मिळाल्या तर बरंच.

वहिनी हातातली पिशवी मांडीवर सारखी करत राहिल्या.

"होईल का दुरुस्त?"

"होईल. कदाचित. एक वाट आहे."

"राहू दे भावोजी."

"अं?"

"राहू दे म्हणतेय. नका करू." त्यांनी मान वर केली. "मी डॉक्टरबाईंना फोन केला होता. विचारलं, उत्तर मिळालंच नाही तर काय करता. म्हणाल्या, उत्तर नसेल तर वेळ येईल तेव्हा आम्ही नळी घालतो. माणूस वाचवणं हाच नियम. कळलं? मशीन बंद राहिलं तर ते राहतात."

गल्लीतून कुणीतरी स्कूटर ढकलत नेत होतं.

"दादा हो म्हणेल की," तो म्हणाला. "म्हणेल ना?"

"तेवीस वर्षं संसार केलाय मी. ते काय लिहिणार ते मला माहीत आहे, आणि मला ते वाचायचं नाही." वहिनींचा आवाज फुटला. "तुम्ही मुद्दाम नाही केलंत. आपोआप झालंय. झालंय तर होऊ दे ना! कुणाचं काय वाईट केलंय हो आपण?"

खरं सांगायचं तर त्याच्या छातीवरचा धोंडाच उतरला. कालपासून आपण पापी आहोत असं वाटत होतं, आणि आता वाटलं, छे, ही तर देवानं सोडवणूक केली. आपल्या चुकीनं दादा वाचला. तो म्हणाला, "बरं." वहिनी डोळे पुसून गेल्या. त्यानं चिमटा ड्रॉवरमध्ये टाकला, ड्रॉवर बंद केला.

संध्याकाळी पाचला तो दादाकडे गेला. वहिनी स्वयंपाकघरात होत्या. दादा खुर्चीत तसाच, मान पट्ट्यात टेकलेली, डोळे खिडकीकडे. सावकाशनं नेहमीसारखं बाजारातलं काहीबाही सांगायला सुरुवात केली, चावीवाल्याचं, फोटोवाल्याचं. दादाचे डोळे फिरून त्याच्यावर आले आणि तिथेच थांबले. त्या डोळ्यांना चुकवायला म्हणून सावकाश खाली बसला आणि रोज संध्याकाळी कुणीतरी करायचं ते काम त्यानं हातात घेतलं. दादाचे पाय चोळायचं.

पट्टी अजून अंगठ्याखाली बांधलेलीच होती. वहिनींनी सोडली नव्हती, की त्यांच्यानं सोडवली नव्हती, कोण जाणे. तिची वायर जमिनीवर लोळत होती, पलीकडे काहीच नाही. सावकाशनं पाऊल तळहातात धरलं आणि त्याच्या हाताला काहीतरी लागलं. दाब. थांबला. पुन्हा दाब. त्यानं अंगठ्याकडे डोळे फाडून पाहिलं तर काही हलत नव्हतं. पण तळहाताला कळत होतं. दाब, दाब, दाब. कालपासून, बहुतेक रात्रभर, दादा त्या मेलेल्या पट्टीवर अंगठा दाबत होता. आता घाम आला होता पायाला. जिवाच्या आकांतानं तो ओरडत होता, आणि खोलीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती अशी शांतता होती.

सावकाशनं ते पाऊल उराशी धरलं आणि तो ढसाढसा रडला. लहानपणी पतंगासाठी रडायचा तसा, नाक पुसायचंही भान नाही. "उद्या बोलशील," तो म्हणाला. "दादा, मी गाढव आहे. माझ्यामुळे बिघडलं ते. उद्या सकाळी बोलशील तू. आई शप्पथ."

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. त्या परत आत गेल्या.

गुरुवारी सकाळी सातला त्यानं दुकान उघडलं आणि शटर अर्धं खाली ओढून घेतलं. स्वतःचा कॉम्प्युटर उघडून आडवा ठेवला. चिमट्यावर हाताचा भरवसा नव्हता, म्हणून त्यानं बंद मशीनमध्येच चिपखालून मजबूत दोरा आडवा-उभा ओवून घेतला, तिढा न पडू देता. मग चिप नीट दाबली, मशीन सुरू केलं, जुनी फ्लॉपी घातली. फ्लॉपी घरघरली आणि वाचता येत नाही म्हणाली. बाहेर काढली, पत्र्याची सरकती झडप मागे करून फुंकर मारली, परत घातली. वाचली.

आता. त्यानं दोऱ्याची चारी टोकं एका हातात घेतली. दुसरा हात टेबलावर घट्ट दाबून ठेवला. तोंडानं स्वतःलाच म्हणाला, "सावकाश. सावकाश." आणि सरळ वर ओढलं. चिप सुटली, दोऱ्याला लोंबकळत वर आली. मशीन चालू. पडदा जागच्या जागी. दादाची चिप खाचेवर ठेवली, कापलेला कोपरा कापलेल्या कोपऱ्याशी जुळवला आणि अंगठ्यानं दाबली. कट्ट. पंखा फिरतच होता.

त्यानं लिहायची आज्ञा दिली. मशीननं विचारलं, ही फाइल या बोर्डाची नाही, तरी लिहू? लिही बाबा, लिही. पांढरी रेघ निघाली. दीड मिनिट सावकाशनं त्या रेघेवरून नजर हलवली नाही. बाहेर फोटोवाला शटर वाजवत होता, "अरे, आज लवकर कसा?"

चिप दादाच्या बोर्डात बसवली तेव्हा साडेआठ झाले होते. बटण दाबलं. एक बारीक टीक वाजली, आणि पडद्यावर अक्षरं आली. जुनीच, ओळखीची. नव्या डिस्कचं टोपण सरकवलं, प्रोग्रॅम तिच्यावर उतरवला, आकडे तीनदा ताडून पाहिले. सगळं चोख. आनंद व्हायला हवा होता. सावकाशनं फक्त डबा बंद करून स्क्रू आवळले.

दहाला त्यानं दादाच्या दाराची बेल वाजवली. वहिनींनी दार उघडलं, त्याच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं.

"केलंत?"

"केलं."

त्या बाजूला झाल्या. एवढंच. वायर जोडताना त्याला त्यांची पाठ दिसत होती.

पडद्यावर ओळी उजळायला लागल्या. दादाचे डोळे पडद्याला चिकटले. एक अक्षर, दुसरं, तिसरं. तिन्ही मिळून दोन मिनिटं लागली असतील. पडद्यावर उमटलं, "गाढवा".

सावकाश हसला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आतून वहिनींच्या भांड्याचा आवाज थांबला होता.

अकराला डॉक्टरबाई आल्या. खुर्ची ओढून दादासमोर बसल्या आणि तोच प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला, सगळ्या शब्दांनिशी, काही न गाळता. वहिनी दादाच्या मागे, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. सावकाश पडद्याच्या बाजूला. ओळी सरकत होत्या. "न" आलं. मग "ळी". म्हणजे नळी. पुढे काय? घाला की नको? सावकाशचे ओठ हलत होते, "घा, घा, घा." ती ओळ उजळली. गेली. दादानं दाबलं नाही. मग न. मग को.

डॉक्टरबाई पुढे वाकल्या. "नक्की?" त्यांनी विचारलं. "नंतर मन बदललं तरी चालेल. आज विचारतेय, नक्की?"

दादा पुन्हा लिहायला लागला. सगळे वाट बघत राहिले. भिंतीवरच्या घड्याळात सहा मिनिटं गेली. "दमलो. तिला झोपू दे," एवढं आलं. वहिनींनी त्याच्या केसांवर तोंड टेकवलं आणि त्या तशाच उभ्या राहिल्या.

डॉक्टरबाईंनी बॅगेतून कागद काढला. दादाचं उत्तर त्यावर उतरवून घेतलं. मग चष्मा वर करून सावकाशकडे बघत म्हणाल्या, "हे मशीन दोन दिवस बंद होतं म्हणे. मला विचारावंच लागतं. आत्ता जे आलं ते त्यांनीच लिहिलंय ना? मशीनची काही चूक, एखादं अक्षर आपोआप उमटणं, असं काही? तुम्हाला जराही शंका असेल तर मी हे आज धरत नाही. महिन्याभरानं परत येईन."

महिना. महिन्याभरात काय होणार हे तिघांनाही ठाऊक होतं, दादाला तर सगळ्यात आधी. वहिनींनी मान वर केली आणि सावकाशकडे पाहिलं. त्या नजरेत काय नव्हतं! त्यानं नुसतं म्हणायचं होतं, "जुनं मशीन आहे हो बाई, भरवसा नाही." सात शब्द. आणि खोटं ठरवायला या जगात दुसरं कुणी नव्हतं, त्या मशीनबद्दल त्याच्याएवढं कुणालाच कळत नव्हतं.

त्यानं दादाकडे पाहिलं. दादाचे डोळे पडद्यावर नव्हते, त्याच्यावर होते.

"शंका नाही," सावकाश म्हणाला. "मशीन बरोबर चालतंय."

"मग तसं लिहून सही करा. इथे."

पेन घेताना त्याचा हात कापला नाही, याचं त्यालाच नवल वाटलं. त्यानं लिहिलं, "हे मशीन मी स्वतः दुरुस्त केलं आहे. ते बरोबर चालतं." सही केली. खाली रकाना होता, रुग्णाशी नातं. तिथे पेन थबकलं. मग त्यानं लिहिलं, धाकटा भाऊ.

"अजून एक सही लागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या.

कागद टेबलावर तसाच पडून राहिला. खूप वेळानं वहिनींनी दादाच्या खांद्यावरचा हात काढला, आणि पेन मागितलं.